गोधडीचें रसग्रहण

मराठींत टीकावाङ्मय आज थोडें नाहीं. काव्य, नाटक, कादंबरी, चित्र, संगीत यांच्या परीक्षणाच्या कसोट्या पुष्कळांनीं बसविल्या, पुष्कळांनीं मोडल्या, आणि त्यांवरून वादही भरपूर झाले. 'कलेसाठीं कला' कीं 'जीवनासाठीं कला' या प्रश्नावर प्रा. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नांवांभोंवतीं जो वाद माजला, त्याची आठवण अजून बुजलेली नाहीं. परंतु या सर्व चर्चेंत एका मोठ्या सृष्टीची विचारपूस क्वचितच झाली. ज्या वस्तु घरांत, फावल्या वेळीं, विकण्याच्या हेतूवांचून, कोणातरी ओळखीच्या माणसासाठीं हातांनीं घडविल्या जातात, त्यांची ही सृष्टि. विणलेली बाळटोपी, मोत्यांचें तोरण, क्रोशाचा रुमाल, आणि या सर्वांत उपेक्षित अशी गोधडी. या वस्तूंना आपण 'हौस' म्हणतों आणि पुढें जातों. हौस म्हटली कीं टीकाकाराचें काम संपलें, अशी आपली समजूत आहे. ती कितपत बरोबर आहे, हें गोधडीच्या आधारें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम वस्तूकडे पाहूं. जुनें, धुऊन धुऊन मऊ झालेलें लुगडें जमिनीवर पसरावयाचें. त्यावर धोतरें, परकर, सदरे, चादरी यांच्या तुकड्यांचे थर द्यावयाचे. वर दुसरें लुगडें किंवा ठिगळें जोडून केलेलें आच्छादन घालावयाचें. आणि जाड दोऱ्यानें लांब धांवदोरा घालीत सर्व थर एकमेकांस बांधून टाकावयाचे. एवढीच ही विद्या. देशावर कोठें हिला गोधडी म्हणतात, कोठें वाकळ. संस्कृतांतील 'कन्था' आणि बंगालींतील 'कांथा' हीं त्याच कुळांतल्या वस्त्रांचीं नांवें. वरवर पाहतां येथें कलेला जागा दिसत नाहीं. तरी प्रत्येक पायरीस निवड आहे. इरकली लुगड्याचा काठ कडेला लावावयाचा कीं मधून न्यावयाचा. विटलेल्या निळ्याशेजारीं कोणता रंग बसवावयाचा. टांक्यांच्या ओळी सरळ न्यावयाच्या कीं कडेपासून आंत वळत वळत मध्यापर्यंत आणावयाच्या. याचा निर्णय जिच्या हातीं सुई तिलाच करावा लागतो. टांका फार लांब पडला तर थर सरकतात. फार दाट पडला तर गोधडी ताठ होते आणि अंगाशीं बिलगत नाहीं. म्हणजे सौंदर्याचा नियम आणि उपयोगाचा नियम येथें एकाच टांक्यांत भेटतात. दोनचार बायका चार बाजूंनीं शिवावयास बसल्या तर प्रत्येकीच्या हाताचा टांका निराळा ओळखूं येतो. तरीही आपली ओळ शेजारणीच्या ओळीला मिळवून घ्यावी लागते. गप्पा चालतात, सल्ले दिले जातात, उसवणेंही होतें. संगतीचा हा सुखसोहळा वस्तूच्या बाहेरचा नव्हे. तो त्या ओळींतच शिवला जातो.

अशा वस्तूला युरोपीय सौंदर्यशास्त्रानें दार कां उघडलें नाहीं, हें समजण्यास कान्टकडे जावें लागतें. निर्णयशक्तीची मीमांसा करणाऱ्या १७९० सालच्या ग्रंथांत त्यानें कला आणि हस्तव्यवसाय यांत भेद केला. कला स्वतंत्र असते, खेळाप्रमाणें ती स्वतःच सुखकर असते. हस्तव्यवसाय हे कष्ट असतात, ते मजुरीच्या आशेनें केले जातात, आणि म्हणून ते दुसऱ्यावर लादतां येतात, असें त्याचें म्हणणें. विभागणी नीटस आहे. परंतु हौसेनें केलेलें हातकाम तिच्यांत कोठेंच बसत नाहीं. नातवंडासाठीं दुपटें शिवणाऱ्या आजीला मजुरी मिळावयाची नसते, तिच्यावर कोणी सक्तीही केलेली नसते. आणि तरी ती जें करते तें हातकामच असतें, त्यांत पाठ दुखते, बोटाला सुई टोंचते. कष्टही आहेत आणि खेळही आहे. 'हौस' या आपल्या साध्या शब्दांत दोन्ही अर्थ सुखानें नांदतात. 'हौसेला मोल नाहीं' अशी म्हण आहे. मोल नाहीं म्हणजे किंमत शून्य, असा तिचा अर्थ नव्हे. पैशाच्या मापानें हौस मोजतां येत नाहीं, असा आहे. टीकाकारांनीं मात्र पहिलाच अर्थ घेतला आणि त्या मापाऐवजीं दुसरें कोणतें माप लावावें याचा विचार सोडून दिला.

या बाबतींत रस्किन अधिक सहृदय. वास्तुकलेच्या सात दीपांवरील आपल्या १८४९ सालच्या ग्रंथांत कोणत्याही अलंकरणाविषयीं एक प्रश्न विचारावा असें तो सांगतो: तें करणारा करतांना आनंदांत होता काय? प्रश्न मोठा आहे, कारण त्यानें टीकाकाराचें लक्ष वस्तूवरून हाताकडे वळविलें. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. आनंदानें केलेली वाईट वस्तु आपण सर्वांनीं पाहिली आहे, आणि बहुतेकांच्या घरीं ती एखाद्या कपाटावर आहेही. शिवाय आनंद हा शब्द सैल आहे. वेळ बरा गेला याचा आनंद निराळा, शाबासकी मिळाली याचा निराळा, आणि दोन रंग शेजारीं ठेवतांच ते एकमेकांस उजळूं लागले हें अवचित दिसल्याचा आनंद निराळा. पहिले दोन करणाऱ्यापाशींच राहतात. शेवटला वस्तूंत उतरतो आणि पाहणाऱ्यालाही मिळतो. रसग्रहणाचा विषय होतो तो हाच.

हातची वस्तु टीकाकारांच्या दृष्टीस पडली म्हणजे काय होतें, याचें बोधप्रद उदाहरण अमेरिकेंत घडलें. तेथेंही कापडाचे तुकडे जोडून व थर शिवून पांघरुणें करण्याची जुनी घरगुती परंपरा आहे. १९७१ सालीं जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हान डर हूफ यांच्या संग्रहांतील अशीं पांघरुणें न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्यूझियममध्यें भिंतींवर टांगण्यांत आलीं. अमूर्त चित्रें निवडावीं त्याप्रमाणें केवळ आकार व रंग यांच्या परिणामावरून त्यांची निवड झाली होती. लाभ उघड होता. जी वस्तु पेटींत पडून होती तिच्यापुढें सुशिक्षित प्रेक्षक क्षणभर थांबला. पण भिंतीनें जें दिलें त्याबरोबर कांहीं काढूनही घेतलें. पांघरूण आडवें असतें, अंगावर असतें. तें उभें झालें कीं त्याची ऊब, त्याचें वजन आणि त्याची पालथी बाजू नाहींशी होते. तें कोणीं शिवलें आणि कोणासाठीं, हे प्रश्न गौण ठरले. १९७३ सालीं पॅट्रिशिया मेनार्डी या लेखिकेनें या दृष्टीविरुद्ध कडक लेख लिहिला. शिवणाऱ्या स्त्रिया आपल्या कलेविषयीं अजाण नव्हत्या, कित्येकींनीं आपलें नांव आणि साल कापडावर घातलेलें होतें, मग त्यांना अनामिक ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा तिचा रोख होता. तो रास्त होता असें आम्हांस वाटतें.

पुढें २००२ सालीं अलाबामा नदीच्या वळणावरील गीज बेंड या वस्तींतील कृष्णवर्णीय स्त्रियांचीं पांघरुणें प्रथम ह्यूस्टन येथें आणि मग त्याच व्हिटनीमध्यें मांडलीं गेलीं, तेव्हां शिवणाऱ्यांचीं नांवें बरोबर होतीं. त्या वस्तींतील मिसूरी पेटवे हिनें १९४२ सालीं शिवलेलें एक पांघरूण विशेष विचार करण्याजोगें आहे. पति वारल्यानंतर त्याच्या कामावरच्या कपड्यांचे तुकडे व पट्ट्या जोडून तिनें तें केलें. आतां केवळ रचनावादी टीकाकार म्हणेल, कीं हें वृत्त मनास चटका लावणारें असलें तरी कलेच्या बाहेरचें आहे. पट्ट्यांची मांडणी चांगली कीं वाईट एवढेंच पाहा. आमचें मत याहून भिन्न आहे. त्या कापडाचें विटणें हें रंगाऱ्याचें काम नाहीं. तें एका माणसाच्या श्रमांचें, उन्हाचें आणि धुण्याचें काम आहे. मांडणी करतांना जो गडद-फिका रंग मिळाला तो त्या आयुष्यानेंच मिळवून ठेवला होता. तेव्हां वस्तु कोणाची आणि कोणासाठीं, हें ठाऊक झाल्यावर आपण रूप सोडून गोष्टीकडे वळतों असें नव्हे. उलट रूपच अधिक स्पष्ट दिसूं लागतें. हातच्या वस्तूंत नातें हें रूपाचें एक अंग आहे. आपल्या इकडे स्टेला क्राम्रिश यांनीं १९३९ सालीं बंगालच्या कांथेवर जो लेख लिहिला, त्यांतही चिंध्यांतून पुन्हा अखंड वस्त्र होतें या घटनेचा अर्थ शोधला आहे.

रूप आणि नातें यांचा हा संबंध किती दूरवर जातो, हें पाहावयाचें असेल तर १९८७ च्या ऑक्टोबरांतील वॉशिंग्टन येथील प्रसंग आठवावा. एड्सनें मृत्यु पावलेल्यांच्या स्मरणार्थ क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेवरून सुरू झालेलें महापांघरूण तेव्हां राजधानीच्या विस्तीर्ण हिरवळीवर प्रथम पसरण्यांत आलें. त्यांत १,९२० भाग होते. प्रत्येक भाग तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे सुमारें एका थडग्याएवढा. आणि शिवणारे बहुधा गेलेल्याचे मित्र, सखे किंवा आप्त. सर्वच कांहीं शिवणकामांत निष्णात नव्हते. एकेक भाग हातीं घेऊन टांक्यांची सफाई तपासणारा परीक्षक येथें पुष्कळ दोष काढील, आणि ते खरेही असतील. परंतु एकाच मापाची अखंड पुनरावृत्ति आणि त्या मापाच्या आंत प्रत्येक माणसाचें निराळेपण, यांतून जी रचना सिद्ध झाली, तिला कलाशून्य म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. ज्या रोगाचें नांव घेण्यास पुष्कळ घरें कचरत होतीं, त्या रोगानें नेलेल्यांचीं नांवें उघड्या आकाशाखालीं मांडलीं गेलीं, तीं सुई-दोऱ्याच्या आधारानें.

तथापि नात्याचा हवाला देऊन प्रत्येक हातच्या वस्तूची सुटका करतां येईल, असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. 'आवडीनें केलें आहे, नांवें कशीं ठेवावीं?' या सौजन्यानें हौसेच्या कलेचें जेवढें नुकसान केलें आहे तेवढें उपेक्षेनेंही केलें नसेल. आपल्या रुखवताकडेच पाहावें. त्यांत कधीं कधीं फार सुरेख काम असतें. पण पुष्कळदां ती वस्तु वापरणाऱ्यासाठीं नसून पाहणाऱ्यांसाठीं असते. मांडवांतून ती कपाटांत जाते आणि तेथेंच राहते. दुकानांतून तयार संच आणून आंकड्यांबरहुकूम रंग भरण्यांतही हात चालतो, वेळ जातो, मन विसांवतें. या विसांव्याला आम्ही कमी लेखीत नाहीं. मात्र तेथें निवड दुसऱ्यानें केलेली असते. याउलट ठराविक नमुन्यावरून विणणारी प्रत्येक बाई नक्कलच करते, असेंही नाहीं. बंदिश ठरलेली असली म्हणून गायन उसनें होत नाहीं. लोकर जाड निघाली म्हणून नमुन्यांतले चार टांके कमी करणारी, मूल आतां मोठें होईल म्हणून बाह्या लांब ठेवणारी, ती तेवढ्यापुरती स्वतःची बंदिश गातच असते.

आणखी एका मोहापासून टीकाकारानें दूर राहावें. गोधडीचा जन्म टंचाईंत आहे. नवें पांघरूण घेण्यास पैसा नव्हता, म्हणून जुनें फेकलें गेलें नाहीं. हातकामाच्या आनंदाचीं वर्णनें करतां करतां या दारिद्र्यावरच रंगीत पांघरूण घालणें सोपें आहे. आज शहरांतल्या दुकानांतही गोधड्या मिळतात. त्या शिवणारीस नगामागें काय मिळतें, हा तेथें पहिला प्रश्न असला पाहिजे, तिला आनंद होतो काय हा नव्हे. हौस ही मोकळ्या वेळाची लेक आहे, आणि मोकळा वेळ सर्वांना सारखा वांटलेला नाहीं. पण याचबरोबर हेंही खरें, कीं जिला गरजेपोटीं शिवावें लागलें तिनेंही तांबडा काठ कोठें यावा याचा विचार केला. ऊब देण्यास त्या काठाची गरज नव्हती. गरजेच्या कडेला उरलेल्या त्या बोटभर स्वातंत्र्यांत तिची कला आहे.

तेव्हां हौसेच्या वस्तूचें परीक्षण करावें कसें? आमच्या मतें दोन गोष्टी पाहाव्या. करणाऱ्यानें हातांतल्या सामग्रीचें म्हणणें ऐकलें काय, हें एक: जुन्या सुतीचा मऊपणा, लोकरीची ताण, विटलेल्या रंगाची चाल. आणि ज्याच्यासाठीं वस्तु आहे त्या माणसाची ओळख तिच्यांत उतरली काय, हें दुसरें. बाळाच्या दुपट्याला टोंचणारी जर लावलेली असेल तर ती जर कितीही झळको, तें दुपटें फसलें. कारण करणारी बाळाला विसरली. या दोहोंचीं उत्तरें देण्यांत जो आनंद आहे, तो वेळ घालविण्याच्या आनंदाहून खोल आहे, आणि तो एकट्याचा राहत नाहीं. परीक्षकानें मात्र अशी वस्तु दुरून पाहून तृप्त होऊं नये. गोधडी हातीं घ्यावी, तिचें वजन पाहावें आणि ती उलटावी. पालथ्या बाजूला गांठी असतात, दोरा कोठें संपला व कोठें पुन्हा धरला हें दिसतें, आणि कोणाचा हात कोठपर्यंत आला होता तेंही कळतें.