टाके नकोत, हे ठीक. पण पुरावा काय सांगतो?

"चिरा नाही, टाके नाहीत, दुखणं नाही" अशी डेंटल इम्प्लांटची जाहिरात आता आपल्याकडेही दिसते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा दावा पेपर वाचून तपासावा, म्हणून आज एका मेटा-अ‍ॅनालिसिसची चिरफाड करू.

आधी पद्धती समजून घेऊ. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. पारंपरिक पद्धतीत हिरडी कापून बाजूला करतात, हाड उघडं पाडतात, इम्प्लांट बसवतात आणि टाके घालतात. फ्लॅपलेस पद्धतीत हिरडीला छोटंसं गोल छिद्र पाडून त्यातूनच काम होतं. जखम लहान राहते, पण हाड डॉक्टरला डोळ्यांनी दिसत नाही. भिस्त स्कॅनवर आणि हातावर.

क्रकानोविच, आल्ब्रेक्टसन आणि वेनरबर्ग यांनी २०१४ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये २३ अभ्यास एकत्र केले. निष्कर्ष जाहिरातीच्या उलट निघाला: फ्लॅपलेसमध्ये इम्प्लांट फेल होण्याची सापेक्ष जोखीम १.७५ पट. जंतुसंसर्ग आणि हाडाची झीज यांत मात्र ठळक फरक नाही.

मग फ्लॅपलेस वाईट का? थांबा. इथे तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, १.७५ पट म्हणजे किती? समजा पारंपरिक पद्धतीत १०० पैकी २ फेल होतात. तर फ्लॅपलेसमध्ये साडेतीन. सापेक्ष आकडा मोठा वाटतो, प्रत्यक्ष फरक दीडचा. दोन्ही आकडे शेजारी लिहायची सवय लावा.

दुसरा, कोणते अभ्यास एकत्र केले? यात रँडमाइज्ड आणि नॉन-रँडमाइज्ड दोन्ही आहेत. जिथे डॉक्टरच पद्धत निवडतो, तिथे भरपूर हाड असलेल्या सोप्या केसेस फ्लॅपलेसकडे जाऊ शकतात. तसं झालं असेल तर खरा फरक १.७५ हूनही मोठा असेल. उलट नवी पद्धत नवशिक्या हातांनी केली असेल, तर दोष पद्धतीचा नाही, सरावाचा. म्हणून नुसतं "बायस आहे" लिहून भागत नाही, तो कुठल्या दिशेला ओढतोय तेही सांगावं लागतं. जास्त आणि कमी बायस असलेले अभ्यास वेगळे केल्यावर चित्र बदलतं, हे लेखकांनी स्वतःच नोंदवलंय.

तिसरा, मोजलं काय? इथे इम्प्लांट मोजलेत, माणसं नाहीत. एकाच तोंडातल्या चार इम्प्लांटना डायबिटीस तोच, तंबाखू तीच. त्यांना चार स्वतंत्र नोंदी धरलं की विश्वासांतर खोटं अरुंद होतं. इथे ते १.०७ ते २.८६ आहे. थोडं रुंद झालं तरी १ त्यात येईल आणि "ठळक फरक" विरघळेल.

दुखण्याचं काय? फोर्टिन आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात ६० रुग्ण होते, दोन्ही गटांत ३०. फ्लॅपलेस गटाला कमी दुखलं. हे पटण्यासारखं आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की तोंडात टाके आहेत की नाहीत हे रुग्णाला कळतंच, आणि दुखणं तोच सांगतो.

आता आपल्या भागाचा विचार करा. सेनगाव किंवा औंढ्याच्या माणसाला टाके काढायला पुन्हा शहर गाठावं लागलं, तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. फ्लॅपलेसमध्ये ही खेप वाचू शकते. पण इम्प्लांट फेल झालं तर कितीतरी खेपा आणि सगळा खर्च पुन्हा. त्याच्यासाठी खरा हिशोब हाच, आणि या मेटा-अ‍ॅनालिसिसच्या तक्त्यांत तो नाही.

पीएचडीचा विषय शोधत असाल तर ही मोकळी जागा बघा. एकूण खेपा, बुडालेले दिवस आणि झालेला खर्च हे निष्कर्ष म्हणून मोजता येतात. प्रपोजल लिहिताना मोजणीचं एकक मात्र रुग्णच ठेवा.