‘नाही’ची हद्द कुठवर? कोड रिव्ह्यूमधल्या भांडणांविषयी

मुक्त सॉफ्टवेअरमधल्या कोड रिव्ह्यूच्या भांडणांचा विषय निघाला की बोलणं एकाच वळणावर येतं: रिव्ह्यू करणारे उद्धट असतात, नवख्यांना हिडीसफिडीस करतात, मग नवखे निघून जातात. हे काही खोटं नाही. लिनक्स कर्नलचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या जिव्हारी लागणाऱ्या मेलांबद्दल माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले, आणि त्याच सुमारास कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली. भाषा सुधारली, हे मान्य करायला हवं. भांडणं मात्र थांबली नाहीत. म्हणून आमचा संशय असा, की उद्धटपणाच्या खाली दुसरंच काही दुखतंय.

जानेवारी २०२५ चं प्रकरण घेऊ. कर्नल जवळपास सगळा सी भाषेत लिहिलेला. रस्ट या नव्या भाषेला त्यात जागा मिळाली डिसेंबर २०२२ मध्ये, ६.१ आवृत्तीत, तीही प्रयोग म्हणून. रस्टवाल्यांनी डीएमएसाठी एक पॅच पाठवला. डीएमए म्हणजे, नेटवर्क कार्डासारखं उपकरण प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचतं-लिहितं, ती सोय. ती सीमध्ये आहे. रस्टमधल्या ड्रायव्हरांना ती वापरता यावी म्हणून वर एक पातळ आवरण, एवढाच तो पॅच. फाइलसुद्धा रस्टच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. डीएमएचे मेन्टेनर क्रिस्टोफ हेलविग यांनी नकार दिला. दोन भाषांचा कोड सांभाळणं अवघड, ही गोष्ट पसरत जाईल, आणि मी ती जमेल तितकी रोखणार, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांनी कॅन्सरची उपमा दिली आणि लोक त्या एका शब्दावर तुटून पडले. आमच्या मते तो शब्द या प्रकरणातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग.

हेलविग यांची काळजी काय होती बघा. पॅच पाठवणारा आज इथे आहे, उद्या दुसऱ्या नोकरीत. मेन्टेनर मात्र दहा-दहा वर्षं तिथेच. सीमधलं एखादं फंक्शन बदललं की त्यावर उभा असलेला रस्टचा कोड मोडणार. मग मेल कोणाला येणार? रस्टवाल्यांनी सांगितलं होतं, आवरण आम्ही सांभाळू, मोडलं तर आम्ही दुरुस्त करू. पण लग्न जमवणारे जेवून घरी जातात आणि संसार मागे राहणाऱ्याला करावा लागतो, हे कुठल्याही मेन्टेनरला अनुभवाने ठाऊक असतं.

आता दुसरी बाजू. हा पॅच आठव्या आवृत्तीपर्यंत आला होता. म्हणजे सात वेळा पाठवणं, सूचना ऐकणं, दुरुस्त करून पुन्हा पाठवणं. इतकं केल्यावर कोडमध्ये चूक आहे असं ऐकायची माणसाची तयारी असते. पण ‘तुमची भाषाच नको’ म्हटलं तर नवव्या आवृत्तीत त्याने काय बदलायचं? आमचा आक्षेप नेमका इथे आहे. जो नकार कशानेही पुरा होत नाही, त्याला रिव्ह्यू म्हणू नये. तो धोरणाचा निर्णय आहे, आणि धोरणाचा निर्णय एका पॅचच्या उत्तरात, एका माणसाने, अपील न ठेवता द्यायचा नसतो. हेलविग यांची काळजी खरी होती, जागा चुकली.

जागा दुसऱ्या बाजूचीही चुकली. ॲपलच्या नव्या चिपांवर लिनक्स आणणारे हेक्टर मार्टिन हा वाद सोशल मीडियावर घेऊन गेले. तिथून जो दबाव येतो त्यातून कोड सुधारत नाही, फक्त माणसं पक्ष घेतात. टॉरवाल्ड्स यांनी त्यांना खडसावलं. फेब्रुवारीतच मार्टिन कर्नलमधल्या जबाबदारीतून बाहेर पडले आणि महिना संपायच्या आत हेलविग यांनीही डीएमएचं काम सोडलं. एका पातळ आवरणापायी दोन जाणती माणसं!

मग मेन्टेनरचा नकाराधिकारच काढून घ्यावा का? मुळीच नको. एक्सझेडचं उदाहरण ताजं आहे. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्या प्रकल्पाच्या एकट्या, थकलेल्या मेन्टेनरच्या मागे तगादा लावला: पॅच पडून आहेत, दुसऱ्याच्या हाती द्या. ज्याच्या हाती अधिकार गेले, त्याने घातलेलं मागचं दार मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं, तेही कोणाच्या तरी लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागला म्हणून. मेन्टेनरला ‘नाही’ म्हणायला बळ राहिलं नाही की काय होतं, ते यात दिसतं.

२० फेब्रुवारी २०२५ ला टॉरवाल्ड्स यांनी शेवटी हद्द आखली. ज्याला रस्ट नको त्याने त्याकडे बघू नये, त्याच्यावर सक्ती नाही. पण मग आपली सोय रस्टवाले कशी वापरतात यावरही त्याला नकार देता येणार नाही. आम्हाला हा निवाडा योग्य वाटतो. दोन्हीकडचा प्रश्न त्यात सुटतो: ओझं कोणाचं आणि अधिकार कुठवर. याच महिन्यात रस्ट गटाने आपलं धोरणही लिहून प्रसिद्ध केलं, मोडलेला कोड कोणी दुरुस्त करायचा हे त्यात आहे. यातलं एकही वाक्य असं नाही, जे डिसेंबर २०२२ मध्ये, दार उघडताना, लिहिता आलं नसतं.