कुलमुखत्यार की खास मुखत्यार? : एसएसएच-एजंट या आज्ञावलीची समीक्षा

१

दूरच्या संगणकावर प्रवेश करू इच्छिणाऱ्याने आपली ओळख कशी पटवावी, हा प्रश्न संगणकांची जाळी अस्तित्वात आल्यापासूनचा आहे. टेलनेट, आरलॉगिन इत्यादी जुन्या साधनांमध्ये परवलीचा शब्द जाळ्यावरून उघडाच जात असे, आणि वाटेत कान लावून बसलेल्यास तो सहज टिपता येत असे. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असाच प्रकार घडल्यानंतर १९९५ साली तेथील तातू युल्योनेन यांनी ‘सिक्युअर शेल’, अर्थात एसएसएच, ही पद्धती निर्माण केली. पुढे १९९९ साली ओपनबीएसडी प्रकल्पातील मंडळींनी ओपनएसएसएच ही तिची मुक्त आवृत्ती सिद्ध केली. आज या पद्धतीचा व्यवहार मुख्यतः तिच्याच द्वारा चालतो.

या पद्धतीतील ओळखीचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे किल्ल्यांची जोडी. सार्वजनिक किल्ली दूरच्या संगणकावर ठेवावयाची, खाजगी किल्ली स्वतःजवळ राखावयाची, आणि प्रवेशाच्या वेळी खाजगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने पडताळून घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. येथे गुप्त असे काहीच जाळ्यावरून जात नाही. परंतु एक अडचण सुटली की तिच्या जागी दुसरी उभी राहते, तसे येथेही झाले. खाजगी किल्ली ही अखेर चकतीवरील एक फाइलच होय. ती चोरीस गेली तरी निरुपयोगी ठरावी म्हणून परवलीच्या वाक्याने तिचे सांकेतिकीकरण करतात. ज्याला दिवसातून पन्नास वेळा निरनिराळ्या यंत्रांवर जावे लागते, त्याने पन्नास वेळा ते वाक्य टंकावे, अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावाला धरून नाही. तो कंटाळतो आणि परवलीच्या वाक्याविनाच किल्ली तयार करतो. सुरक्षिततेचा अतिरेक झाला की माणूस ती गुंडाळून ठेवतो, असा सर्वत्र अनुभव आहे.

या पेचातून काढलेली वाट म्हणजे ‘एसएसएच-एजंट’ ही पार्श्वभूमीवर चालणारी आज्ञावली. तिच्या गुणदोषांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

एजंटची रचना समजावयास कठीण नाही. कामाच्या आरंभी तो सुरू होतो आणि एक सॉकेट उघडून बसतो. सॉकेटचा पत्ता ‘एसएसएच-ऑथ-सॉक’ या नावाच्या पर्यावरण-चलात ठेवला जातो, म्हणजे त्या बैठकीतील इतर आज्ञावलींना तो सापडतो. वापरणारा ‘एसएसएच-अ‍ॅड’ या आज्ञेने परवलीचे वाक्य एकदाच देतो. उकललेली किल्ली एजंटच्या स्मृतीत राहते. त्यानंतर एसएसएचला सहीची गरज पडली की ती एजंटकडे मागणी करते. एजंट सही करून देतो, किल्ली मात्र कोणाच्याही हाती देत नाही.

या अखेरच्या गोष्टीत या रचनेचे सारे मर्म आहे. किल्ली उसनी देणे आणि किल्ली आपल्याजवळ ठेवून तिच्याने काम करून देणे, यांतील अंतर फार मोठे आहे. एजंटशी बोलण्याच्या भाषेत ‘किल्ली दे’ अशी मागणी करण्याची सोयच ठेवलेली नाही. ‘कोणत्या किल्ल्या आहेत ते सांग’ आणि ‘यावर सही कर’ एवढेच विचारता येते. स्मृतीत वसणाऱ्या किल्लीची काळजीही उत्तरोत्तर अधिक घेतली गेली. प्रक्रियकांतील स्पेक्टर, मेल्टडाउन यांसारख्या दोषांमुळे स्मृतीतील मजकूर आडमार्गाने वाचला जाण्याचे भय उत्पन्न झाले, तेव्हा २०१९ च्या ओपनएसएसएच ८.१ या आवृत्तीपासून किल्ल्या वापरात नसताना स्मृतीतही सांकेतिक रूपातच ठेवण्याची योजना झाली. किल्लीचे गुपित राखणे हेच एजंटचे काम मानले, तर त्याने ते उत्तम बजावले आहे असे निःशंकपणे म्हणता येईल.

तथापि तेवढ्याने समीक्षकाचे समाधान होत नाही. गुपित राखणे आणि अधिकार राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. किल्ली सुरक्षित राहूनही तिचा अधिकार परक्याच्या हाती जाऊ शकतो, आणि एजंटचा मूळ दोष येथेच आहे.

३

एजंट म्हणजे मुखत्यार. मुखत्यारपत्राचे दोन प्रकार आपल्या व्यवहारात प्रसिद्ध आहेत : खास मुखत्यारपत्र एका ठराविक कामापुरते असते, तर कुलमुखत्यारपत्राने सर्व कामांचा अधिकार दिला जातो. कोणताही विशेष पर्याय न देता किल्ली एजंटच्या स्वाधीन केली, तर एजंट कुलमुखत्यार होतो, तोही मुदत नसलेला. एजंट बंद होईपर्यंत अथवा किल्ली काढून घेईपर्यंत तो सही करीत राहतो. सॉकेटपर्यंत पोहोचलेल्या मागणीची तो एकच शहानिशा करतो : मागणारी प्रक्रिया त्याच वापरकर्त्याची किंवा यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याची, म्हणजे ‘रूट’ची, आहे की नाही. मागणी मालकाने केली की मालकाच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या दुष्ट आज्ञावलीने, हे त्याला कळत नाही.

स्वतःच्या यंत्रावर हा दोष फारसा जाचक नाही. तेथील सर्वाधिकारी शत्रू झाला तर एजंटवाचूनही सर्वनाश ओढवलेलाच असतो. दोषाचे खरे स्वरूप प्रकट होते ते ‘एजंट-फॉरवर्डिंग’मध्ये. वापरणारा क या यंत्रावरून ख या यंत्रावर जातो आणि तेथून त्याला ग या यंत्रावर जावयाचे असते. किल्ली ख वर नेणे धोक्याचे, म्हणून एसएसएच ख वर एक सॉकेट निर्माण करते आणि तेथे आलेल्या मागण्या क वरील एजंटकडे परत पाठविते. सोय मोठी आहे. परंतु ख चा सर्वाधिकारी आता क वरील मुखत्याराशी थेट बोलू शकतो. तो किल्ली नेऊ शकत नाही हे खरे. परंतु जोडणी टिकून असेतोवर त्याला किल्लीची गरजच उरत नाही, कारण हव्या त्या ठिकाणची सही त्याला मिळू शकते.

ही भीती केवळ तर्कातली नाही. एप्रिल २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या मॅट्रिक्स डॉट ऑर्गवरील आक्रमणात जेन्किन्स या आज्ञावलीतील जुन्या दोषातून शिरलेल्यांनी असे पुढे धाडलेले एजंट वापरूनच आतील यंत्रांपर्यंत मजल मारली. २०२३ च्या जुलैत क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी याहून विलक्षण गोष्ट दाखवून दिली. यांत्रिक किल्ल्यांच्या सोयीसाठी बाहेरची ग्रंथालये स्मृतीत चढविण्याची विनंती एजंट स्वीकारीत असे. पुढे धाडलेल्या सॉकेटातून अशा विनंत्या योग्य क्रमाने केल्या असता मालकाच्या यंत्रावरच परकी आज्ञा चालविता येत होती. हा दोष लगेच दूर केला गेला, आणि दुरून आलेली अशी विनंती तेव्हापासून मूलतःच नाकारली जाते. या दोन प्रकरणांत एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. दुसऱ्यात आज्ञावलीची चूक होती; पहिल्यात एजंटने चूक अशी काहीच केली नाही. त्याने नेमून दिलेले काम केले, आणि अनर्थ त्यातूनच घडला.

४

हे दोष कर्त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. फॉरवर्डिंग मूलतः बंद असते, आणि अधिकृत माहितीपत्रकात तिच्याविषयी सावधगिरीची सूचना आहे. किल्लीला मुदत घालता येते, एजंटला कुलूप लावता येते, आणि प्रत्येक सहीपूर्वी मालकाची संमती घेण्याचा पर्यायही आहे. परंतु या संमतीच्या पर्यायात दीर्घकाळ एक उणीव राहिली. ‘ही किल्ली वापरू द्यावी काय?’ असे विचारणाऱ्या चौकटीत किल्लीचे नाव व ठसा दिसे. ती कोठे जाण्यासाठी वापरली जात आहे, हे दिसत नसे. आपण केलेली मागणी आणि त्याच क्षणी ख वरील घुसखोराने केलेली मागणी यांत मालकाने भेद करावा तरी कसा? कशासाठी हे न सांगता मागितलेली संमती ही नावापुरतीच संमती होय.

एजंट हे सांगत नसे, कारण त्यालाच ते ठाऊक नसे. ज्या मजकुरावर सही मागितली जाते त्यात वापरकर्त्याचे नाव असते, सार्वजनिक किल्ली असते, आणि त्या जोडणीची ओळख दर्शविणारी एक गणिती संख्या असते. परंतु पलीकडच्या यंत्राचे नाव अथवा त्याची किल्ली तेव्हा नसे. त्या संख्येवरून मुक्काम ओळखणे अशक्य. म्हणजे उणीव एजंटच्या आळसात नसून त्याच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या कागदातच होती.

या मुळाला हात घातला तो २०२२ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या ८.९ या आवृत्तीने. एसएसएच आता प्रत्येक जोडणीच्या वेळी पलीकडच्या यंत्राची किल्ली आणि त्या यंत्राने जोडणीच्या संख्येवर केलेली सही एजंटला दाखविते. एजंट ती पडताळतो, आणि ही जोडणी कोणाशी आहे हे त्याला प्रथमच खात्रीने कळते. त्या आधारे किल्लीवर बंधन घालता येते : ही किल्ली क वरून ख ला, आणि ख वरून ग ला जाण्यासाठीच वापरावी, अन्यत्र नाही. कुलमुखत्यार येथे खास मुखत्यार झाला. ख वरील घुसखोर अजूनही ग पर्यंत पोहोचू शकेल, परंतु घ, च, छ ची दारे त्याला बंद राहतील. अर्थात वाटेवरील यंत्रांवरही नवी आवृत्ती असल्यावाचून ही साखळी पुरी होत नाही.

याहून साधा उपाय २०१६ च्या ७.३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. ‘प्रॉक्सीजंप’ने ख हा केवळ वाटेतला दुवा राहतो, ग ची ओळखपरेड थेट क शी होते आणि ख वर एजंट न्यावाच लागत नाही. केवळ वाट काढण्यासाठी फॉरवर्डिंग करणाऱ्याला आता कोणतेही समर्थन उरलेले नाही.

५

सारांश, एसएसएच-एजंट ही सदोष कल्पना नव्हे. ती अर्धी पुरी झालेली कल्पना होती आणि तिचा दुसरा अर्धा भाग पुरा होण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. किल्ली बाहेर जाऊ न देण्याचा तिचा विचार आजही निर्दोष आहे. पण तिच्या वापराबाबत आजही एक आक्षेप शिल्लक राहतो. मुदत, संमती, मुक्कामाचे बंधन ही सारी ऐच्छिक आहेत, आणि काहीच न सांगता मिळते ते मुदतहीन कुलमुखत्यारपत्र. अनुभवी मनुष्य बंधने घालील. नवशिका जे विनासायास मिळते तेच घेईल, आणि पुष्कळदा महत्त्वाच्या यंत्रांच्या किल्ल्या त्याच्याच हाती असतात. एखाद्या रचनेची परीक्षा करावयाची ती तिचे जाणकार काय करू शकतात यावरून नव्हे, तर न सांगता ती काय करते यावरून केली पाहिजे. या कसोटीला एजंट अद्याप पुरता उतरलेला नाही. त्याने किल्ली कोणाला दिलेली नाही, हे खरे. आपण कोणासाठी आणि कशासाठी सही करीत आहोत, हे आपणहून विचारावयास मात्र त्याने अजून शिकले पाहिजे.