गंधक : सरसकट खलनायक?

विज्ञान प्रदर्शनात इंधन हा विषय आला की तक्ता ठरलेला असतो. डावीकडे गिरणीचे धुराडे, मध्ये गंधकाचा पिवळा ढीग, उजवीकडे आम्लपर्जन्य. दादर-परळ भागातल्या शाळांतून असे तक्ते आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत खोटे काही नाही. गिरणगावाने कोळशाचा धूर पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे, आणि गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो हे निर्विवाद आहे. आमची तक्रार निराळी आहे. हा तक्ता गंधकाची गोष्ट इंधन पेटल्यावर सुरू करतो. टाकीत पडून राहिलेल्या इंधनाविषयी तो गप्प असतो.

शिवाय तो पिवळा ढीगच दिशाभूल करतो. डिझेलमध्ये गंधकाची पूड तरंगत नसते. गंधक असतो तो कार्बनशी बांधलेला : थायॉल, सल्फाइड, थायोफिन अशा निरनिराळ्या रूपांत. आणि या रूपांचे स्वभाव एकसारखे नाहीत.

दहावीच्या वर्गात आपण खवटपणा शिकवतोच. शेंगदाण्याचे तेल हवेत राहून खवट होते, तसे डिझेलही एका अर्थी ‘खवट’ होते. हायड्रोकार्बनचा मुक्तमूलक ऑक्सिजनला धरतो, त्यातून हायड्रोपेरॉक्साइड बनतो, तो फुटून आणखी मुक्तमूलक देतो आणि साखळी वाढत जाते. शेवटी डिंकासारखा चिकट पदार्थ व गाळ तयार होऊन इंधनाची गाळणी तुंबते. आता सल्फाइडचे काम पाहा. ते हायड्रोपेरॉक्साइडमधला ऑक्सिजन स्वतःकडे घेऊन सल्फॉक्साइड होतात आणि हायड्रोपेरॉक्साइडचे निरुपद्रवी अल्कोहोल होते. साखळीचे एक मूळच खुंटते. याउलट थायोफिनॉल असंतृप्त हायड्रोकार्बनच्या जोडीने स्वतः ऑक्सिडीकृत होतात आणि गाळ वाढवतात. गंधक तोच, एकीकडे राखणदार, दुसरीकडे घरभेदी.

भारतात एकेकाळी डिझेलमध्ये वजनाने १ टक्का गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार ही मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, म्हणजे हजारपट कमी आहे. शहराच्या फुप्फुसांसाठी हे आवश्यकच होते. त्यासाठी शुद्धीकरण कारखान्यात उच्च दाबाखाली हायड्रोजन देऊन गंधक काढतात. त्या प्रक्रियेत घरभेदी जातात, त्यांबरोबर राखणदारही जातात. विमानाच्या इंधनाबाबत हा अनुभव १९६० च्या दशकातच आला होता. हायड्रोजनने शुद्ध केलेल्या इंधनात पेरॉक्साइड साठून रबरी भाग खराब होऊ लागले, आणि बाहेरून प्रतिऑक्सिडक मिसळणे भाग पडले.

परळला हा प्रश्न पुस्तकी नाही. तेथे मोठमोठी रुग्णालये आहेत आणि त्यांना वीज गेल्यावर जनित्राचाच आधार. मुंबईत वीज क्वचित जाते, म्हणूनच राखीव डिझेल दीर्घकाळ पडून राहू शकते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहराच्या मोठ्या भागाची वीज गेली, तशी वेळ सांगून येत नाही. त्या क्षणी गाळणी तुंबलेली असेल तर डिझेलमधला गंधक किती कमी होता, हे कोण विचारणार? टाकीत पाणी साचू न देणे, डिझेल ठरावीक मुदतीने तपासणे व बदलणे, हा रसायनशास्त्राचाच भाग आहे.

याच्या उलट टोकाचा एक समजही ऐकू येतो : गंधक इंजिनाला वंगण देतो, तो काढल्यामुळे पंप झिजतात. हेही अर्धेच खरे. वंगणाचे काम मुख्यतः ऑक्सिजन व नायट्रोजन असलेली ध्रुवीय संयुगे करतात. गंधक काढताना तीही नष्ट होतात, एवढेच. म्हणून डिझेलमध्ये वंगणकारी द्रव्य वेगळे घालावे लागते.

पुढच्या प्रदर्शनासाठी तक्ता करताना विद्यार्थ्यांना तो पिवळा ढीग पुसायला सांगावा आणि त्या जागी सल्फाइड व थायोफिनॉल यांची रचनासूत्रे शेजारी शेजारी काढायला लावावीत. आम्लपर्जन्य राहू द्यावे. धुराड्याच्या अलीकडे डिझेलची एक बंद टाकीही काढावी.