‘हू आर’ काढा, झालं? नामानंतर येणाऱ्या ‘इंग’बद्दल एक तक्रार

मागे एका मैत्रिणीचा पीएच.डी.चा सिनॉप्सिस वाचायला घेतला. विषय समाजशास्त्राचा, जिल्हा आपलाच, यवतमाळ. मी भाषाविज्ञानवाला, म्हणून तिने “फक्त इंग्रजी बघ” एवढंच सांगितलं होतं. नमुनानिवडीच्या परिच्छेदात शब्द होते: ‘वर्कर्स स्प्रेइंग पेस्टिसाइड्स इन कॉटन फील्ड्स’. व्याकरणाच्या दृष्टीने चूक काहीच नाही. तरी मी तिथेच अडलो. तिला विचारलं, “हे मजूर नेमके कोण? आज फवारणी करणारे, की २०१७ मध्ये करत होते ते?”

ती म्हणाली, “अरे, दोन्ही येतात ना त्यात!”

दोन्ही येतात, हीच तर अडचण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. आता समजा, त्यातून वाचलेल्या एखाद्या मजुराने पंप कायमचा खाली ठेवला. तो या नमुन्यात येतो का? ‘स्प्रेइंग’ म्हणजे ‘सध्या फवारणारे’ असं वाचलं, तर नाही येत. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त सोसावं लागलं, तोच माणूस एका ‘इंग’मुळे अभ्यासाबाहेर जातो. हे इंग्रजी सुधारण्याचं काम नाही. कोणाला मोजायचं आणि कोणाला सोडायचं, याचा निर्णय त्या एका शब्दात दडलाय.

ही चूक मैत्रिणीची नाही. आपल्या सगळ्यांना शिकवलेल्या एका नियमाची आहे. शाळेत, शिकवणीत, स्पर्धा परीक्षेच्या गाईडात हा नियम असतो: ‘हू इज’, ‘हू आर’, ‘विच इज’ काढून टाका, उरलं ते बरोबर. ‘द वुमन हू इज स्टँडिंग देअर’ चं ‘द वुमन स्टँडिंग देअर’. सोपं आहे, एक मार्क हमखास मिळतो. पण नियम म्हणून तो अर्धाच खरा आहे, आणि संशोधन लिहिताना उरलेला अर्धा भागच कामाचा असतो.

पहिली गोष्ट. ‘ए कमिटी कन्सिस्टिंग ऑफ फाइव्ह मेंबर्स’ हे अगदी रोजचं इंग्रजी आहे. नियम उलटा चालवून बघा: ‘ए कमिटी विच इज कन्सिस्टिंग ऑफ...’ असं कोणी नीट इंग्रजी लिहिणारा लिहीत नाही. ‘लँड बिलाँगिंग टू द व्हिलेज’ चंही तेच. म्हणजे इथे ‘विच इज’ कधी नव्हतंच, मग काढलं काय? क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ च्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात हे स्पष्ट मांडलं आहे: नामानंतरचा ‘इंग’ म्हणजे चालू काळाचं छाटलेलं रूप, असं धरून चालता येत नाही. चाळीस वर्षं झाली, आपली गाईडं अजून तिथेच आहेत. आणि हाच नियम उलटा वापरून आपली पोरं ‘हू इज हॅविंग’ लिहितात, मग त्यांनाच हसतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या ‘इंग’ला स्वतःचा काळ नाही. तो काळ उसना घेतो, कधी मुख्य क्रियापदाकडून, कधी संदर्भातून. ‘द वर्कर्स स्प्रेइंग दॅट फील्ड’ च्या पुढे ‘आर’ लावा, ‘वेअर’ लावा, ‘विल बी’ लावा, तिन्ही चालतं. बोलताना त्रास होत नाही, कारण समोर शेत दिसतं, माणूस दिसतो. पण प्रबंधाच्या शीर्षकात बहुतेक वेळा क्रियापदच नसतं. तिथे उसनं घेणार कोणाकडून?

तिसरी गोष्ट, ‘इंग’ला झालेली गोष्ट सांगता येत नाही. ‘गेल्या हंगामात फवारणी केलेले मजूर’ याचं इंग्रजी करताना आपण बिनधास्त ‘वर्कर्स हॅविंग स्प्रेड लास्ट सीझन’ लिहितो. नामाला चिकटून विशेषणासारखं हे रूप प्रमाण इंग्रजीत सहसा चालत नाही. तिथे सरळ ‘हू स्प्रेड’ म्हणावं लागतं. ‘कॅंडिडेट्स हॅविंग पास्ड एम.ए.’ ही जाहिरातीतली भाषा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती खटकतच नाही.

हे ‘हॅविंग’ आलं कुठून? माझ्या मते त्यामागे आपल्या मराठीतला ‘असलेला’ आणि ‘केलेला’ उभा आहे. मराठीत नामाचं वर्णन करणारी अशी तीन धातुसाधितं आपण रोज वापरतो: फवारणी करणारा, फवारणी करत असलेला, फवारणी केलेला. पहिल्यात सवय, पेशा, कधी भविष्यही येतं (‘उद्या येणारा पाहुणा’). दुसऱ्यात काम चालू आहे. तिसऱ्यात ते झालेलं आहे. मैत्रिणीने हेच वाक्य आधी मराठीत लिहिलं असतं तर तिला या तिघांतलं एक निवडावंच लागलं असतं. इंग्रजी ‘इंग’ने पहिल्या दोघांना एकाच पोत्यात भरलं आणि तिसऱ्याला बाहेर ठेवलं.

जागेचाही फरक आहे. मराठीत वर्णन कितीही लांब असो, ते नामाच्या आधी येतं: ‘बेंबळ्याच्या कालव्यातून वाहणारं पाणी’. आपल्या जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या कोलामी आणि गोंडी या द्राविडी भाषांतही कृदन्त नामाच्या आधीच येतं. इंग्रजीत मात्र एकटं विशेषण आधी, ‘रनिंग वॉटर’. त्याला शेपूट जोडलं की ते नामानंतर जातं, ‘वॉटर रनिंग थ्रू द कॅनाल’. हे एवढं पोरांना लवकर जमतं. जमत नाही ते पुढचं: नामानंतर ‘इंग’ आला की ती क्रिया करणारं ते नामच असावं लागतं. मराठीत ‘मजूर वापरत असलेला पंप’ सहज होतं, कारण ‘असलेला’ कर्मालाही जोडता येतो. त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं, ‘द पंप युझिंग वर्कर्स’, की पंपच मजुरांना वापरायला लागतो! हसू येतं, पण प्रश्नावलीत असं काही छापलं गेलं की उत्तरंही तशीच येतात.

आणखी एक धोका स्वल्पविरामाचा. ‘वर्कर्स स्प्रेइंग विदाउट मास्क्स फेल इल’ म्हणजे मास्क न लावणारे तेवढे आजारी पडले. हेच ‘वर्कर्स, स्प्रेइंग विदाउट मास्क्स, फेल इल’ असं लिहिलं की सगळेच मजूर विनामास्क होते, आणि म्हणूनच आजारी पडले, असा वास येतो. कारण सिद्ध न करता कारण सांगून झालं. २०१७ नंतर दोष कोणाचा, औषधाचा, पंपाचा, विकणाऱ्याचा की मजुराच्या ‘निष्काळजीपणा’चा, यावर किती वाद झाला ते आठवा. त्या वादात तुमचा प्रबंध दोन स्वल्पविरामांनी मजुराच्या विरोधात उभा राहू शकतो, तुम्हाला पत्ताही न लागता.

मग ‘इंग’ वापरूच नये का? तसं नाही. सारांशाला तीनशे शब्दांची मर्यादा असते, तिथे हा ‘इंग’ फार कामाचा. माझी तक्रार त्याच्यावर नाही, ‘हू आर काढा, झालं’ या सवयीवर आहे. काढण्याआधी तिथे काय होतं ते बघा: ‘हू स्प्रे’, ‘हू वेअर स्प्रेइंग’ की ‘हू स्प्रेड’? तिन्ही वेगळे लोक आहेत. नमुना, व्याप्ती आणि निष्कर्ष या तीन ठिकाणी क्रियापद उघड ठेवा, बाकी ठिकाणी खुशाल छाटा.

भाषेवर काम करायचं असेल त्यांच्यासाठी यात विषयही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला, १९७८ मधल्या छापील मजकुराचा. त्याची रचना मुद्दाम १९६१ च्या अमेरिकन ब्राऊन आणि ब्रिटिश लॉब या संग्रहांशी जुळणारी ठेवली आहे. तिन्हींत नामानंतरचा ‘हॅविंग’ शोधा, मोजा, त्याच्या जागी ‘विथ’ किती वेळा येतं ते पहा. ‘असलेला’मुळे ‘हॅविंग’ आला हे मी वर म्हटलं खरं, पण तो माझा अंदाज आहे. तो तपासायची वाट ही अशी आहे.

मैत्रिणीने शेवटी ती ओळ बदलली. आता तिथे लिहिलंय: २०१७ च्या हंगामात ज्यांनी मजुरीवर फवारणी केली, ते सगळे, आज करत असोत वा नसोत. इंग्रजीत ओळ दुप्पट लांब झाली. पण पंप खाली ठेवलेला तो माणूस आता तिच्या यादीत आहे.