पंच्याऐंशी टक्के कशाचे?

‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०’ मधील एक विधान शिक्षकांच्या आता चांगलेच परिचयाचे झाले आहे. मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांपूर्वीच होतो, असे ते सांगते. बालशिक्षणाचे महत्त्व पटवणे हा त्यामागचा हेतू स्वागतार्हच आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने एक साधा प्रश्न विचारायला हवा: ८५ टक्के कशाचे?

वजनाचे म्हणाल, तर आकडा फारसा चुकीचा नाही. देवणीच्या गोठ्यात जन्मलेले वासरू तास-दोन तासांत पायांवर उभे राहते. माणसाच्या मुलाला चालायला वर्ष लागते. जन्मतः त्याच्या मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या साधारण पाव हिश्शाइतकेच असते. सहाव्या वर्षापर्यंत ते ९० टक्क्यांच्या आसपास पोचते.

परंतु वजन म्हणजे विकास नव्हे. मज्जापेशींमधील जोडण्यांना सिनॅप्स म्हणतात. शिकागोच्या पीटर हुटेनलोकर यांनी मेंदूच्या पुढील भागातील सिनॅप्स मोजून १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक-दोन वर्षांच्या मुलात त्यांची दाटी प्रौढांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती कमी होत गेली. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, बिनवापराच्या गळतात. ज्वारीची विरळणी केली म्हणून पीक घटले, असे आपण म्हणत नाही. तंतूंवर मायेलिनचे स्निग्ध आवरण चढण्याचे काम तर विशीनंतरही चालू असते. वाढ, गळती आणि आवरण या तिन्ही क्रियांना मिळून एकच टक्केवारी कशी लावणार?

सहा वर्षांची सीमारेषाही अशीच ढोबळ आहे. इंग्रजीभाषक घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कळतो, पण वर्षाच्या आतच ही क्षमता मंदावते, असे वर्कर आणि टीस यांना १९८४ मध्ये दिसले. याउलट, भारतातील ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर आठव्या वर्षानंतर शस्त्रक्रिया झाल्या. दृष्टीची तीक्ष्णता पूर्ण आली नाही, तरी त्यांच्यापैकी अनेकांचा मेंदू पाहायला शिकला. प्रत्येक क्षमतेचा काळ वेगळा असतो, आणि मुदत उलटल्यावरही सारे संपत नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. आईबापांबरोबर उसाच्या फडावर वाढलेले, अंगणवाडीत क्वचितच बसलेले मूल सातव्या वर्षी आपल्या वर्गात येते. ‘याचे ८५ टक्के वाया गेले’ असे शिक्षकाच्या मनाने घेतले, की त्याला प्रश्न कमी विचारले जातात, गोष्टी कमी सांगितल्या जातात. मग त्याची पीछेहाट खरोखरच होते.

धोरणाने एवढेच म्हटले असते तरी पुरे होते: पहिल्या सहा वर्षांत पोषण, बोलणे आणि खेळ यांची उणीव महागात पडते, म्हणून अंगणवाडी उत्तम हवी, आणि मेंदू पुढेही घडत राहतो, म्हणून शाळाही.