व्याजस्तुतीचा तिसरा प्रकार : उपरोध, भाष्य आणि दूध पाजणारी आई

१

बंगळूरच्या कोरमंगला भागात वाढणाऱ्या मराठी मुलाला दोन कथा साधारण एकाच वयात भेटू शकतात : घरी आजीकडून रायगडाची हिरकणी आणि शाळेत किंवा शेजारी कन्नडमधील ‘गोविन हाडु’तली पुण्यकोटी गाय. दोन्ही कथांच्या केंद्रस्थानी पान्हा दाटलेली आई आहे आणि दोन्हींत तिच्या व लेकराच्या मध्ये कोणीतरी बलवान उभे आहे. एकीकडे गडाचा बंद दरवाजा, दुसरीकडे भुकेला वाघ. प्रस्तुत लेखात या आशयसूत्राची तुलना करावयाची आहे, परंतु तेवढीच नव्हे. मुलाला काय व कसे पाजावे याविषयी समाज आईशी बोलतो तेव्हा तो कोणत्या वाङ्मयप्रकारातून बोलतो आणि त्या प्रकारानुसार आरोपी कोण ठरतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

मराठी राजकीय गद्यात भाष्य आणि उपरोध हे दोन प्रवाह पुण्यात जवळजवळ शेजारी वाहिले. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चा अग्रलेख वाचकाला थेट सांगे : काय घडले, कोण चुकले, आता काय केले पाहिजे. १८९८ मध्ये शिवराम महादेव परांजपे यांनी काढलेल्या ‘काळ’ची भिस्त वक्रोक्तीवर होती. सत्तेची तोंडभर स्तुती करावी आणि ती स्तुतीच तिच्यावर उलटावी, ही परांजप्यांची रीत. आपल्या काव्यशास्त्रात हिला व्याजस्तुती असे नाव आहे. ही विभागणी अर्थात काटेकोर नाही. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या ‘केसरी’तील १८९७ च्या अग्रलेखाचे शीर्षकच उपरोधिक आहे. १९०८ मध्ये टिळक आणि परांजपे या दोघांनाही राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली, यावरून राज्यकर्त्यांना दोन्ही भाषा समजत होत्या हेही उघड आहे. तरीही दोहोंच्या प्रभावाची यंत्रणा वेगळी आहे. भाष्याला वाचकाची संमती हवी असते. उपरोधाला त्याचा सहभाग हवा असतो, कारण अर्थ उलटविण्याचे काम वाचकालाच करावे लागते.

दोन्ही प्रवाहांचा रोख सत्तेकडे असेपर्यंत हा भेद शैलीचा वाटतो. विषय स्त्रीचा निघाला की तो नीतीचा होतो. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली. या निमित्ताने ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी स्त्रीजातीच्या वर्तनावर भाष्य केले. त्याला ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) लिहून उत्तर दिले. स्त्रियांवर ठेवले जाणारे दोष एकेक घेऊन ते पुरुषांत किती आहेत हे दाखविण्याची त्यांची पद्धत उपहासाची आहे. भाष्याने आईला पिंजऱ्यात उभे केले होते. ताराबाईंनी तेथे न्यायाधीशाला आणले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हे पुस्तक पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत ते वाङ्मयेतिहासाच्या कडेलाच राहिले, ही गोष्टही दोन प्रकारांच्या असमान प्रभावाविषयी पुरेसे सांगते.

३

राजकीय भाषेने आईच्या दुधाचा उपयोग मुक्तपणे केला आहे. इंग्रजी विद्येला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याचे श्रेय विष्णुशास्त्री चिपळूणकरांना दिले जाते. ‘आईचे दूध प्यायला असशील तर समोर ये’ हे आव्हान सभांतून आजही ऐकू येते, आणि ‘दुधाला जागणे’ हा निष्ठेचा पर्याय झाला आहे. या सर्व प्रयोगांत दूध हे पराक्रमाचे प्रमाणपत्र आहे. ते देणारी बाई थकलेली असेल, आजारी असेल, तिला दूध येत नसेल किंवा कामावर जावे लागत असेल, याला या रूपकात जागा नाही. आव्हान मुलाला असते; अपयश मात्र आईच्या नावावर लागते.

येथे व्याजस्तुतीचा एक तिसरा प्रकार संभवतो. शास्त्राने दोन प्रकार सांगितले : स्तुतीतून निंदा आणि निंदेतून स्तुती. दोन्हींत वक्त्याचा हेतू स्पष्ट असतो. मातृत्वाविषयीच्या भाष्यात मात्र वक्ता मनापासून स्तुतीच करीत असतो. ती स्तुती जिला लागू पडत नाही, तिच्यासाठी ती निंदा होते. परांजप्यांच्या स्तुतीने बलवानाला झोंबावे असा हेतू होता. हिने दुबळ्याला झोंबावे असा हेतू नसतो. ती झोंबते मात्र. आणि हेतू नसल्यामुळे जाब कोणाला विचारावा हेही कळत नाही.

४

हिरकणीची आख्यायिका या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. ती गवळण, गडावर दूध विकायला जाणारी. सायंकाळी दरवाजे बंद झाले, तान्हे बाळ खाली घरी होते आणि ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. भाष्याच्या परंपरेने या कथेतून वात्सल्य आणि धैर्य वेचले, ते योग्यच आहे. उपरोधाच्या दृष्टीला मात्र दोन तपशील अधिक दिसतात. दुसऱ्यांच्या मुखी दूध घालणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल उपाशी आहे. आणि आईने शोधलेली वाट गौरवासह बंद करण्यात आली आहे. गडाच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यक होते, यात शंका नाही. पण कथा दरवाजाच्या वेळेविषयी काहीच विचारीत नाही. पुढची गवळण अडकली तर तिला आता कडाही नाही.

‘गोविन हाडु’त पुण्यकोटी वाघाकडून वासराला पाजण्यापुरता अवधी मागून घेते आणि शब्द पाळून परतते. तत्पूर्वी ती एक गोष्ट करते, जी हिरकणीच्या कथेत नाही : कळपातील इतर गायींना ती आपले वासरू आपलेच समजून सांभाळण्यास विनविते. येथे पाजणे ही एकटीची कसोटी राहत नाही. तो कळपाचा भार होतो. शिवाय शेवटी लाज वाटते ती वाघाला. तो तिला खात नाही, स्वतः प्राण सोडतो. मराठी कथेत सत्ता बक्षीस देते, कन्नड कथेत सत्ता खजील होते. उपहासाचे सामर्थ्य ज्यात असते ती ही दुसरी जागा होय, मग ती रचना हसविणारी नसली तरी.

५

विसाव्या शतकात हाच वाद डब्यातील दुधाभोवती झाला. १९७४ मध्ये ‘वॉर ऑन वॉन्ट’ने गरीब देशांतील दूधभुकटीच्या विक्रीवर ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधील एका गटाने तिच्या भाषांतराला ‘नेस्ले बाळांना मारते’ असे शीर्षक दिले. कंपनी न्यायालयात गेली. १९७६ मध्ये शीर्षक बदनामीकारक ठरले, पण न्यायाधीशांनी कंपनीलाही जाहिरातीच्या पद्धतीचा मुळातून फेरविचार करण्यास सांगितले. अतिशयोक्त शीर्षकाने दंड भरला. मात्र बोट आईकडून विक्रेत्याकडे वळविले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली आणि भारताने १९९२ मध्ये शिशुदुग्धपर्यायांवर कायदा करून २००३ मध्ये तो अधिक कडक केला. वेष्टनावर बाळाचे वा स्त्रीचे चित्र नसावे आणि आईचे दूध सर्वोत्तम असल्याचे छापावे, असे त्यात आहे.

या कायद्याचे मोल निर्विवाद आहे. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे या वैद्यकीय मताशीही येथे वाद नाही. साहित्याच्या अभ्यासकाने फक्त वाक्याचा प्रवास पाहावा. वाक्य उत्पादकाला बांधण्यासाठी लिहिले गेले, पण वाचते ती डबा हातात घेतलेली आई. मध्यरात्री डबा उघडणाऱ्या बाईला ते नियमन वाटत नाही, निकाल वाटतो.

६

कोरमंगलात संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची घरे आणि एजीपुऱ्यातील दाट वस्ती शेजारी-शेजारी आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. घरकामाला वा मूल सांभाळायला येणारी बाई अशा कोणत्याही आस्थापनेत मोडत नाही. तिचे तान्हे एजीपुऱ्यात आणि ती दुसऱ्याच्या बाळाची बाटली उकळीत असते. हिरकणी आजही दूध दुसऱ्यांकडेच पोचविते आहे. महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ झाले ही चांगली गोष्ट आहे, कारण तेथे निदान एक दार आईसाठी उघडे राहते. आपल्या भाष्यपरंपरेने पुढे जाऊन इतर दारांच्या वेळा विचारावयास हव्या होत्या. ते काम ताराबाईंच्या उपहासाने आणि पुण्यकोटीच्या गीताने अधिक नेमके केले आहे, असे या तुलनेतून दिसते. त्यांचा प्रभाव अग्रलेखाएवढा पसरला नाही. पण त्यांनी आईला शिक्षा सुनावली नाही.